बिरड्याचा सण, शिळा सण, दारफाळणीचा सण: कोकणातल्या ज्यूंचे सण लिहून ठेवणारे हाईम केहिमकर

बिरड्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, दारफाळणीचा सण. ही नावं वाचली की कोकणातल्या एखाद्या गावच्या जत्रांची यादी चाललीय असं वाटतं. पण हे सगळे सण ज्यू धर्माचे आहेत.

वालाचं बिरडं रायगडकरांना काही नवीन नाही. महाडजवळच्या सवपासून ते अलिबाग-रेवदंड्यापर्यंत, पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांपासून खाडीकाठच्या गावांपर्यंत, मोड आलेले वाल सोलून केलेलं बिरडं घराघरात शिजतं. याच जिल्ह्यातल्या एका समाजाने मात्र जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाच्या दिवसाला या बिरड्याचं नाव दिलं. तो समाज म्हणजे बेने इस्राएल. मराठी बोलणारे, कोकणात शेकडो वर्षं राहिलेले ज्यू.

या सणांमध्ये देवाचा भाग किती आणि माणसाच्या आनंदाचा किती, उपास कुठे संपतो आणि पंगत कुठे सुरू होते, हे आज आपल्याला समजतं ते बऱ्याच अंशी एका माणसामुळे. त्यांचं नाव हाईम सॅम्युएल केहिमकर. त्यांनी आयुष्यभर समाजासाठी शाळा आणि शिक्षण यांचं काम केलं, आणि म्हातारपणी समाजाचा इतिहास लिहून काढला. तो इतिहास छापलेला बघणं मात्र त्यांच्या नशिबात नव्हतं.

किहीमचे म्हणून केहिमकर

केहिमकरांचा जन्म १८३० सालचा. अलिबागजवळच्या किहीम गावावरून त्यांच्या घराण्याला हे आडनाव मिळालं. बेने इस्राएलांची आडनावं अशीच असतात. पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर. नुसत्या आडनावांवरून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, नकाशा काढता येईल.

हा समाज इथे आला कसा? समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा अशी आहे, की फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. सोबतचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेले लोक इथलेच झाले, त्यांनी इथली भाषा घेतली, कपडे घेतले आणि तेलघाणी हा धंदा घेतला.

ग्रंथ गेले तरी काही गोष्टी टिकल्या. मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, शमा नावाची एक प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आता हातावर पोट असलेल्या तेल्याने आठवड्यातला एक अख्खा दिवस घाणा बंद ठेवायचा म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचं. पण ज्यू धर्मात शब्बाथ हा देवाचा दिवस आहे आणि विसाव्याचाही. त्या दिवशी मालकाने विसावा घ्यायचा, नोकराने घ्यायचा आणि जनावरानेही. म्हणजे घाण्याच्या बैलालाही सुट्टी.

देवाची आज्ञा आणि शरीराचं सुख या दिवशी एकत्र येतात. ग्रंथ वाचता न येणाऱ्या लोकांनी हे शतकानुशतकं पाळलं.

देवाला अर्धं, आपल्याला अर्धं

सणाचा दिवस कशात घालवायचा, हा ज्यू धर्मातला फार जुना वाद आहे. तालमूद या ग्रंथात सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या दोन धर्मगुरूंची मतं दिली आहेत. रब्बी एलिएझर यांचं मत होतं, की सणाला एक तर पूर्ण वेळ खाण्यापिण्यात घालवा, नाहीतर पूर्ण वेळ अभ्यासात. रब्बी यहोशुआ यांनी दिवसाचे दोन भाग केले. अर्धा दिवस खाण्यापिण्याला, अर्धा प्रार्थनेला आणि अभ्यासाला. पुढे समाजाने यहोशुआंचं मत उचललं.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या मोठ्या धर्मपंडिताने यात एक अट स्पष्ट केली. सणाला मांस खा, द्राक्षरस प्या, बायकोला कपडे घ्या, मुलांना खाऊ द्या, सगळं करा. पण जो माणूस आपल्या अंगणाचं दार लावून फक्त बायकामुलांबरोबर जेवतो आणि गरिबाला काही देत नाही, त्याचा आनंद हा सणाचा आनंद नाही, तो नुसता पोटाचा आनंद आहे.

कोकणातल्या बेने इस्राएलांकडे हे ग्रंथ नव्हते. मग ते सण कसे साजरे करायचे? इथेच केहिमकरांनी लिहून ठेवलेली माहिती कामाला येते.

दार बंद, मग दार उघडं

ज्यू वर्षाच्या सुरुवातीला तिश्री महिना येतो. साधारण आपला भाद्रपद-आश्विन. या महिन्याचा पहिला दिवस बेने इस्राएल नव्याचा सण म्हणून पाळायचे. त्याच महिन्यात खिरीचा सण यायचा. नवा तांदूळ, नारळाचं दूध आणि गोड घालून खीर व्हायची. धूप जाळायचा, शमा म्हणायची आणि मग खीर खायची. शेतातलं नवं धान्य घरात येण्याचे हे दिवस, त्यामुळे कोकणातल्या कुणालाही हा सण परका वाटणार नाही.

मग यायचा वर्षातला सगळ्यात कडक दिवस, तिश्रीची दहा तारीख. जगभरचे ज्यू याला योम किप्पुर म्हणतात. पापांची क्षमा मागण्याचा दिवस. बेने इस्राएल म्हणायचे दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेण्याचा सण. पांढरे कपडे घालायचे, घराची दारं बंद करायची आणि दिवसभर निर्जळी उपास करायचा. बाहेरच्या कुणाशी व्यवहार नाही, गप्पा नाहीत. सगळा दिवस देवाचा.

आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी शिळा सण. शिळा म्हणजे आदल्या दिवसाचा. या दिवशी दारं उघडायची, गरिबांना दानधर्म करायचा आणि नातेवाइकांच्या, मित्रांच्या घरी जायचं.

मायमोनिडीसने ज्या बंद दाराबद्दल बजावलं होतं, ते दार कोकणातल्या या लोकांनी एकाच गोष्टीसाठी बंद केलं होतं, ती म्हणजे उपास. आनंदाची वेळ आली की ते उघडायचं, आणि उघडल्यावर पहिला मान गरिबाचा. ग्रंथ हाताशी नसतानाही हा तोल त्यांच्या रिवाजात होता.

बाकीच्या सणांतही हे दिसतं. ज्यूंचा पुरीम हा सण साधारण होळीच्या आसपास येतो, म्हणून त्याचं नाव पडलं होळीचा सण. एस्थर नावाच्या राणीने पर्शियातल्या ज्यूंना कत्तलीतून वाचवल्याची ही आठवण. आधी उपास, मग गोडधोड. मित्रांना खाऊ पाठवायचा आणि गरिबांना दान द्यायचं, हा पुरीमचा नियमच आहे.

वसंतातल्या पेसाख सणाला आंबवलेलं काही खायचं नाही, घरातही ठेवायचं नाही. कोकणातल्या घरात आंबट पदार्थाचं एक भांडं कायम भरलेलं असे, त्याला अनस म्हणत. पेसाखच्या आठवड्यात ते झाकून ठेवायचे. म्हणून या सणाचं नाव अनशी ढाकायचा सण. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा एवढा मोठा सण, आणि त्याचं नाव स्वयंपाकघरातल्या एका भांड्यावरून पडलं.

अव महिन्याच्या नऊ तारखेला जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेल्याचं दुःख पाळतात. त्या दिवसांत मांस वर्ज्य. मग जेवणात काय, तर वालाचं बिरडं. तोच बिरड्याचा सण. दुःखाच्या दिवशी पंगत नाही, गोडधोड नाही, साधं बिरडं.

एलूल महिन्यात म्हणजे नव्या वर्षाच्या आधी ते उपास धरायचे, त्याला शेजारच्या मुसलमानांचा शब्द घेऊन रमजान म्हणायचे. आणि एलियाहू हनावी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करायचे. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, सुका मेवा. आधी प्रार्थना आणि गाणी, मग सगळ्यांनी मलिदा वाटून खायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे अशी श्रद्धा आहे. नवस बोलायला आणि फेडायला लोक आजही तिथे जातात.

सणांची नावं बदलायला लागली

केहिमकर मोठे झाले तो काळ या सगळ्यात मोठी उलथापालथ होण्याचा होता. बेने इस्राएल मुंबईत आले होते. कुणी कंपनीच्या फौजेत, कुणी कचेरीत कारकून, कुणी सुतार-गवंडी. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्यांना समाजात समाजी हसाजी म्हणत, त्यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग उभं केलं. अलिबागचं सिनेगॉग १८४८ सालचं.

कोचीनचे ज्यू शिक्षक म्हणून आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. पेसाखच्या रात्री वाचायची हग्गादा मराठीत आली. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हग्गादामध्ये तर लुगडं नेसलेल्या बायका पेसाखची बिनखमिराची भाकरी करतानाची चित्रं आहेत. समाजाला पहिल्यांदा आपल्या धर्माचं पुस्तक आपल्या भाषेत वाचता येऊ लागलं.

१८८० च्या सुमारास समाजातल्या लोकांनी कीर्तन सुरू केलं. अब्राहाम, मोझेस, एस्थर यांची आख्यानं मराठी साक्या-दिंड्यांत, टाळ-पेटीच्या साथीवर. रात्र रात्र लोक ऐकत बसायचे. ही भक्ती होती की करमणूक, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर देणं अवघड होतं. कीर्तन ऐकून वाढलेल्या मराठी माणसाला मात्र हा प्रश्नच पडणार नाही.

पण शिक्षणाबरोबर एक अवघडलेपणही आलं. हनुक्का, सुकोथ हे आपल्याकडे नीट न पाळले जाणारे सण बाहेरच्या ज्यूंकडे मोठ्या थाटात होतात हे कळलं. जुनी नावं मागे पडून हिब्रू नावं येऊ लागली. होळीचा सण, रमजान असल्या नावांची शिकलेल्या लोकांना लाज वाटू लागली तर नवल नाही.

त्यात मुंबईत बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू होते. डेव्हिड ससून यांचं घराणं त्यातलंच. सुरुवातीला दोन्ही समाज एकत्र प्रार्थना करत. पण पुढे बगदादींना बेने इस्राएल हे खरे, शुद्ध ज्यू आहेत का अशी शंका येऊ लागली आणि अंतर वाढत गेलं. दफनभूमीतही वेगळेपणाची मागणी झाली. अशा वेळी आमचे पूर्वज योम किप्पुरला दारफाळणी म्हणायचे, हे सांगणं म्हणजे आयतंच समोरच्याच्या हातात कोलीत देणं होतं.

आधी शाळा

केहिमकरांनी आधी हात घातला तो शिक्षणाला. समाजातली बरीच माणसं गरीब होती. मुलं मिशनऱ्यांच्या नाहीतर सरकारी शाळेत जायची. सरकारी जगाची सुट्टी रविवारी, शब्बाथ शनिवारी. ज्यांच्या बापजाद्यांनी घाणा बंद ठेवला त्यांच्या मुलांना शनिवारी हजेरी लावायची वेळ आली. धर्म पाळावा तर शिक्षण आणि नोकरी बुडते, आणि नोकरी टिकवावी तर शब्बाथ जातो.

केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी शिक्षणासाठी एक मंडळी उभी केली आणि १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा सुरू झाली. तिचं नाव इस्रायलाइट स्कूल. मराठी आणि इंग्रजीबरोबर इथे हिब्रूही शिकवली जायची. शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळाली. ही मदत आपोआप आली नाही. परदेशातल्या लोकांना आधी कोकणात ज्यू आहेत हेच समजावून सांगावं लागत होतं. १८९२ साली केहिमकरांनी इंग्रजीत एक छोटं पुस्तक काढलं. त्यात समाजाचा थोडक्यात इतिहास होता आणि समाजाच्या शिक्षणासाठी मदतीचं आवाहन होतं. आम्ही कोण आहोत हे आधी सांगायचं आणि मग शाळेसाठी हात पुढे करायचा, असं ते काम.

ही शाळा पुढे माझगावमध्ये सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

मग इतिहास

१८९७ पर्यंत केहिमकरांनी बेने इस्राएलांचा सविस्तर इतिहास लिहून पूर्ण केला. तोही इंग्रजीत, कारण तो जगाला वाचायला द्यायचा होता. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते.

लाजेखातर जुनी नावं गाळून टाकणं त्यांना सहज शक्य होतं. हिब्रू नावं घालून सगळं नीटनेटकं दाखवता आलं असतं. त्यांनी जुनी नावं ठेवली आणि प्रत्येक सणापुढे ज्यू पंचांगातली तिथी मांडली. दारफाळणी तिश्रीच्या दहाव्या दिवशी, होळीचा सण अदारमध्ये, अनशी ढाकायचा निसानमध्ये, बिरड्याचा अवच्या नवव्या दिवशी. नावं कोकणातली, पण तिथ्या तोरातल्या आणि ज्यू परंपरेतल्या. ज्यांनी शेकडो वर्षं पुस्तकाशिवाय या तिथ्या सांभाळल्या ते ज्यू नाहीत असं कोण म्हणेल, असा त्यांचा एकूण रोख.

हनुक्का समाजाला माहीत नव्हता, याचाही त्यांनी पुरावा म्हणून उपयोग केला. हनुक्का इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या एका लढ्यानंतर सुरू झाला. तो आपल्याला ठाऊक नाही, म्हणजे आपले पूर्वज त्याआधीच निघाले असणार, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, असा त्यांचा हिशेब होता. हा अंदाज आजचे अभ्यासक सिद्ध झालेला मानत नाहीत. त्याला आधार देणारा त्या काळातला कागद किंवा शिलालेख नाही. पण सणांची त्यांनी केलेली नोंद या अंदाजावर अवलंबून नाही, आणि अभ्यासक आजही तिच्याकडे वळतात.

समाजाच्या आतही भिंती होत्या. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. बिगर-ज्यू आईची मुलं आणि त्यांचे वंशज काळ्यांत धरले जात, आणि गोरे त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार टाळत. शिळ्या सणाला गरिबासाठी दार उघडणाऱ्या घरातही कुणाला पंगतीत घ्यायचं याचे नियम होते. बाहेरच्यांनी आपल्याला कमी लेखू नये म्हणून लढणारा समाज आत हेच करत होता.

पुस्तक छापलं ४० वर्षांनी

केहिमकरांच्या हयातीत हा इतिहास छापला गेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वारले. हस्तलिखित मागे राहिलं. १९३६ साली इमॅन्युएल ओल्सवँगर हे संस्कृत जाणणारे ज्यू विद्वान भारतात आले होते. त्यांनी ते संपादित केलं आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये पुस्तक निघालं. लिहून झाल्यावर ४० वर्षांनी, अलिबागपासून हजारो किलोमीटर दूर.

१९४८ ला इस्राएल देश झाला आणि कोकणातली, मुंबईतली ज्यू घरं एकेक करून तिकडे जाऊ लागली. तिथे गेल्यावर पुन्हा तोच जुना प्रश्न आला. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत वंशाची चौकशी करायच्या सूचना काढल्या. म्हणजे खरे ज्यू आहात का, हे सिद्ध करा. लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली. शेवटी १९६४ साली तिथल्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतीत बाकीच्या ज्यूंसारखेच आहेत असं जाहीर केलं आणि त्या सूचनांना मागे हटावं लागलं. केहिमकरांनी ज्या शंकेला उत्तर म्हणून पुस्तक लिहिलं होतं, ती शंका त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकानेही संपली नव्हती.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आज रायगडात बेने इस्राएलांची मोजकीच घरं उरली आहेत. बिरड्याचा सण आणि शिळा सण ही नावं आता फार कमी जणांच्या तोंडी आहेत, प्रार्थना हिब्रूत होते आणि सणांची नावंही हिब्रूच वापरली जातात. मलिदा मात्र इस्राएलमध्येही होतो, पोहे आणि खोबरं घालून, आधी एलियाहूचं गाणं म्हणून आणि मग सगळ्यांना वाटून.

उपासाच्या दिवशी दार लावायचं आणि आनंदाच्या दिवशी ते गरिबासाठी उघडायचं, ही कोकणातल्या तेल्यांच्या घरातली रीत होती. ती जगाला दाखवण्यासारखी आहे असं केहिमकरांना वाटलं, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे.